दुसऱ्याचे कोठार, आपली किल्ली : मुंबईतील प्रवेशाधिकाराच्या व्यवस्थेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

एका संस्थेच्या कोठारातील वस्तू दुसऱ्या संस्थेच्या माणसाला पाहू द्यायची, परंतु कोठाराची किल्ली मात्र त्याच्या हाती द्यायची नाही, हा प्रश्न आज संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. क्लाउड स्टोरेज, म्हणजे इंटरनेटद्वारे भाड्याने घेतलेली साठवणुकीची जागा, वापरणाऱ्या दोन स्वतंत्र खातेदारांत माहितीची देवघेव सुरक्षितपणे कशी व्हावी, असे त्या प्रश्नाचे आजचे रूप आहे. तथापि हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. ज्या शहराची भरभराटच दुसऱ्याचा माल सांभाळण्यावर, हलवण्यावर आणि योग्य माणसाच्या हवाली करण्यावर झाली, त्या मुंबईला तो दीडशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे.

प्रस्तुत लेखात काळबादेवी-गिरगाव परिसरातील हुंडी, बंदरावरील गोदामे आणि फोर्टमधील बँकांचे लॉकर या तीन व्यवस्थांचा विचार करून क्लाउडमधील प्रवेशाधिकाराची रचना त्यांच्याशी ताडून पाहिली आहे. त्यानंतर परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या नोंदींचे उदाहरण घेतले आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : मालकी, ताबा आणि प्रवेश या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करणे आणि प्रवेशासाठी दोन्ही पक्षांची संमती आवश्यक ठरवणे, ही सुरक्षित देवघेवीची जुनीच रीत आहे. परंतु या रीतीने नेहमी एक गृहीत धरले, ते म्हणजे प्रत्येक पक्षाचे स्वतःचे खाते आहे. ज्याची माहिती कोठारात आहे पण ज्याचे खाते नाही, त्याच्यासाठी ही व्यवस्था बंद दारासारखी राहते.

हुंडी : अनोळखी माणूस, ओळखीची पेढी

दूरच्या पेढीवरील पैसा स्थानिक माणसाला मिळवून देणारे साधन म्हणजे हुंडी. काळबादेवी, झवेरी बाजार आणि शेख मेमन स्ट्रीटच्या परिसरात हुंडीचा व्यवहार दीर्घकाळ चालला. हुंडीचे अनेक प्रकार होते. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. नामजोग हुंडीचे पैसे तीत नाव असलेल्या व्यक्तीलाच मिळत. शाहजोग हुंडीचे पैसे मात्र 'शाह', म्हणजे बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यामार्फतच दिले जात.

या दोन प्रकारांतील भेद सूक्ष्म आहे. नामजोग हुंडीत पैसे देणाऱ्या पेढीला समोरच्या माणसाची ओळख स्वतः पटवून घ्यावी लागते. शाहजोग हुंडीत ती जबाबदारी शाहाकडे जाते. पैसे देणारी पेढी अनोळखी माणसावर नव्हे, तर ओळखीच्या शाहावर विश्वास ठेवते. आणि शाह आपल्या जबाबदारीवर ठरवतो की आपल्या दारी आलेला माणूस खरा की खोटा. चूक झाली तर जाब शाहाला द्यावा लागे. दोन स्वतंत्र पेढ्यांमधील विश्वासाची ही विभागणी पुढे क्लाउडच्या चर्चेत पुन्हा भेटणार आहे.

बंदर आणि गोदाम : मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा

मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ मध्ये झाली. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक १९१४ मध्ये सुरू झाला. गोदीच्या विस्ताराबरोबर मालकापासून दूर, तिसऱ्याच्या ताब्यात माल राहणे ही नित्याची बाब झाली. कायद्याची चौकटही याच काळात आकारास आली. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात दुसऱ्याकडे माल सोपवण्याचा, म्हणजे निक्षेपाचा, स्वतंत्र विचार आहे. माल सांभाळणारा त्याचा मालक होत नाही. सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या मालाची घ्यावी तेवढी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

१९३० च्या मालविक्री अधिनियमाने याला आणखी एक जोड दिली. विक्रीच्या वेळी माल तिसऱ्या माणसाच्या ताब्यात असेल, तर विक्रेत्याने खरेदीदाराला 'माल तुझा' असे सांगणे पुरेसे नाही. कलम ३६ नुसार, 'हा माल आता मी तुमच्या वतीने धारण करीत आहे' असे त्या तिसऱ्याने खरेदीदाराला मान्य केल्याशिवाय मालाचा ताबा दिला असे होत नाही. मात्र मालकीदर्शक दस्तऐवजाच्या हस्तांतराला याची बाधा येत नाही. बिल ऑफ लेडिंग, डॉक वॉरंट, रेल्वे पावती, गोदामपालाचे प्रमाणपत्र यांसारख्या दस्तऐवजांना म्हणूनच बाजारात महत्त्व आले. माल जागचा हलला नाही तरी त्यावरील अधिकार कागदाने हलू लागला.

आयात माल गोदीबाहेर काढण्यासाठी आजही एकाच अधिकाऱ्याची परवानगी पुरत नाही. जहाज कंपनी किंवा तिचा एजंट डिलिव्हरी ऑर्डर देतो, सीमाशुल्क विभाग माल सोडण्याचा आदेश देतो आणि बंदर प्रशासन आपले शुल्क घेऊन माल दाराबाहेर जाऊ देते. या तिन्ही संमती परस्परांपासून स्वतंत्र असून त्यांपैकी एक नसली तरी माल अडतो.

शुल्क भरण्यापूर्वी माल ठेवण्याच्या बंधपत्रित गोदामांत ही रचना अधिक स्पष्ट दिसते. १८७८ च्या सागरी सीमाशुल्क अधिनियमात अशा गोदामांची तरतूद होती. पुढे १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम ६२ ने सीमाशुल्क अधिकाऱ्याला गोदामास विभागाचे कुलूप लावण्याचा अधिकार दिला आणि त्याच्या परवानगीशिवाय आत जाण्यास वा माल हलवण्यास मनाई केली. त्याच वेळी कलम ६४ ने मालकाचेही काही अधिकार राखले : माल पाहणे, निवडून वेगळा करणे, गिऱ्हाइकाला दाखवणे इत्यादी. म्हणजे मालकाला आपला माल पाहता येई, पण नेता येत नसे. एकाच वस्तूवरील निरनिराळ्या कृतींना निरनिराळी परवानगी, हे तत्त्व येथे कायद्याच्या भाषेत उतरले आहे.

ग्रंथालयाशी परिचित असलेल्या प्राध्यापकवर्गाला हे तत्त्व नवे वाटू नये. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज दादर येथे असलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेत देवघेव विभागातील पुस्तक सभासद घरी नेतो, तर संदर्भ विभागातील पुस्तक तेथेच बसून वाचतो. वाचण्याचा अधिकार आणि नेण्याचा अधिकार एक नव्हेत.

कलम ६२ २०१६ च्या वित्त अधिनियमाने वगळण्यात आले. गोदामांवरील प्रत्यक्ष कुलपाच्या नियंत्रणाची जागा बहुतांशी नोंदींवर आधारित नियंत्रणाने घेतली. दारावर अधिकारी उभा करण्याऐवजी प्रत्येक आवक-जावकीची तपासण्याजोगी नोंद ठेवणे गोदामधारकावर बंधनकारक झाले. कुलपाकडून नोंदीकडे झालेला हा प्रवास या इतिहासातील महत्त्वाचे वळण होय.

बँकेचे लॉकर : दोन किल्ल्यांचे तत्त्व

१९११ मध्ये सोराबजी पोचखानावाला यांनी मुंबईत सेंट्रल बँक ऑफ इंडियाची स्थापना केली. बँकेने स्वतः दिलेल्या इतिहासानुसार १९२६ मध्ये तिने सेफ डिपॉझिट लॉकरची सोय सुरू केली. लॉकरची यंत्रणा सर्वांना ठाऊक आहे : एक किल्ली ग्राहकाची, एक बँकेची, दोन्ही लागल्याशिवाय कप्पा उघडत नाही. यात बँकेवर जसा अविश्वास नाही, तसा ग्राहकावरही नाही. कोणा एकाच्या चुकीने, मोहाने किंवा हरवलेल्या किल्लीने सर्वस्व जाऊ नये, एवढाच हेतू आहे.

किल्ली धरणारा माणूसच हयात नसेल तर काय, हा प्रश्न कायद्याने उशिरा हाताळला. बँकिंग विनियमन अधिनियमात लॉकरसाठी नामनिर्देशनाची सोय करणारी कलमे १९८० च्या दशकात आली. 'अमिताभ दासगुप्ता विरुद्ध युनायटेड बँक ऑफ इंडिया' या प्रकरणात १९ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लॉकरबाबत बँकांना आपली जबाबदारी झटकता येणार नाही असे स्पष्ट केले. त्यानंतर १८ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने सुधारित सूचना काढल्या. लॉकर उघडल्याची सूचना ग्राहकाला त्याच दिवशी एसएमएस व ईमेलने देणे, ये-जा टिपणारे सीसीटीव्ही चित्रण किमान १८० दिवस जपणे आणि आग, चोरी वा कर्मचाऱ्याची अफरातफर अशा प्रसंगी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत दायित्व पत्करणे, या त्यांतील प्रमुख बाबी होत. येथेही किल्लीच्या जोडीला नोंद आली.

क्लाउड : जुन्या तत्त्वांची नवी मांडणी

संगणकशास्त्राने हे तत्त्व बँकेकडून घेतल्याचा उघड पुरावा उपलब्ध आहे. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयी जो पायाभूत निबंध प्रसिद्ध केला, त्यात 'अधिकारांची विभागणी' हे तत्त्व समजावताना बँकेच्या लॉकरचाच दाखला दिला आहे. प्रत्येकाला कामापुरताच किमान अधिकार द्यावा, हे दुसरे प्रसिद्ध तत्त्वही त्याच निबंधात आहे.

मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने 'एस-थ्री' ही साठवणूक सेवा सुरू केली आणि जून २०१६ मध्ये या कंपनीच्या क्लाउड सेवेचे मुंबई केंद्र सुरू झाले. तेथील पद्धत उदाहरणादाखल पाहू. समजा, एका ग्रंथालयाने आपली दुर्मीळ कागदपत्रे स्वतःच्या खात्यातील कोठारात ठेवली आहेत आणि एका महाविद्यालयातील संशोधकाला त्यांतील काही वाचायची आहेत. ग्रंथालयाने आपला पासवर्ड संशोधकाला देणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा मार्ग. त्याने संशोधक ग्रंथालयच बनतो. तो वाचू शकतो तसा पुसूनही टाकू शकतो, आणि नोंदीत नाव मात्र ग्रंथालयाचेच उमटते.

योग्य मार्ग निराळा आहे. ग्रंथालय आपल्या खात्यात एक 'भूमिका' निर्माण करते. या भूमिकेला ठरावीक कप्प्यातील कागद वाचण्याचीच मुभा असते आणि ती धारण करण्याचा अधिकार महाविद्यालयाच्या खात्याला दिलेला असतो. त्या खात्यातील नेमक्या कोणत्या माणसाने ती धारण करावी, हे महाविद्यालयाचा व्यवस्थापक ठरवू शकतो. शाहजोग हुंडीतील विश्वासाची विभागणी ती हीच. ग्रंथालयाने दार उघडले पण महाविद्यालयाने आपल्या माणसाला धाडले नाही, किंवा महाविद्यालयाने धाडले पण ग्रंथालयाने दार उघडले नाही, तर दोन्ही प्रसंगी प्रवेश नाकारला जातो. संमती मिळाल्यावर संशोधकाला कायमची किल्ली मिळत नाही; तात्पुरता परवाना मिळतो, ज्याची मुदत, वेगळी ठरवली नसल्यास, एका तासाची असते. ग्रंथालयाने नोंदीची व्यवस्था सुरू ठेवली असल्यास कोणी, केव्हा, कोणता कागद उघडला हेही तिच्यात टिपले जाते.

या व्यवस्थेतील एक दोष मात्र गोदीतील एजंटाच्या उदाहरणाने चटकन समजतो. सीमाशुल्काची कामे पाहणारा दलाल अनेक व्यापाऱ्यांच्या वतीने वावरतो. एखाद्याने दुसऱ्याच व्यापाऱ्याचा संदर्भ देऊन त्याला माल सोडवायला धाडले, तर एजंट प्रामाणिक असूनही अनर्थ घडतो. म्हणूनच दलालाने प्रत्येक व्यापाऱ्याकडून स्वतंत्र अधिकारपत्र घ्यावे, असा २०१८ च्या नियमांतही दंडक आहे. संगणकातील याच दोषाला नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये 'गोंधळलेला मुखत्यार' अशा अर्थाचे नाव दिले. एकच सेवाकंपनी अनेक ग्राहकांच्या कोठारांत प्रवेश करते तेव्हा हा धोका संभवतो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक ग्राहकासाठी एक वेगळी खूण ठरवली जाते आणि ती जुळल्याखेरीज भूमिका धारण करता येत नाही.

मालकी आणि ताबा यांतील जुना पेचही क्लाउडला चुकला नाही. 'एस-थ्री'मध्ये प्रारंभी नियम असा होता की, एका खात्याच्या कोठारात दुसऱ्या खात्याने आणून ठेवलेली वस्तू आणणाऱ्याच्या मालकीची राहते. परिणामी कोठाराच्या मालकालाच आपल्या कोठारातील वस्तू उघडता येत नसे. कोठारधारकाकडेच मालकी ठेवण्याची सोय २०२१ मध्ये पूर्णत्वास आली आणि एप्रिल २०२३ पासून नव्या कोठारांसाठी तोच सर्वसाधारण नियम झाला. गोदामपाल आणि मालधनी यांच्यातील जो प्रश्न १८७२ च्या कायद्याने हाताळला होता, तो या क्षेत्राला नव्याने सोडवावा लागला.

भारतातील सार्वजनिक व्यवस्थांनीही हीच दिशा धरली. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'डिजिलॉकर'ने तर नावच बँकेच्या लॉकरवरून घेतले. त्यात दस्तऐवज देणारी संस्था, तो धारण करणारा नागरिक आणि तो मागणारी संस्था असे तीन पक्ष असतात व नागरिकाच्या संमतीने देवघेव होते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१६ मध्ये 'अकाउंट ॲग्रीगेटर' या मध्यस्थांसाठी निर्देश काढले. निरनिराळ्या वित्तसंस्थांतील खात्यांची माहिती, प्रयोजन व मुदत नमूद केलेल्या संमतीपत्राच्या आधारे, मध्यस्थाने ती स्वतःजवळ न साठवता पोहोचवावी, असा त्यांचा आशय आहे.

गिरणगाव : ज्याची नोंद आहे, पण खाते नाही

येथवर पाहिलेल्या सर्व व्यवस्थांत दोन्ही बाजूंना खातेदार होते : पेढी आणि शाह, गोदाम आणि व्यापारी, बँक आणि ग्राहक. आता कोठारातील माहिती ज्याच्याविषयी आहे, पण कोठाराशी ज्याचे कोणतेही नाते उरलेले नाही, अशा माणसाचा विचार करणे आवश्यक आहे. परळ, लालबाग, लोअर परळ या गिरणगावात असा माणूस शोधावा लागत नाही.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी स्थापन केलेल्या कंपनीपासून मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास सुरू होतो. हजेरीपट, पगारपत्रक, रजेची वही, तिकीट क्रमांक यांच्या रूपाने कामगाराचे आयुष्य गिरणीच्या कार्यालयात नोंदले जात होते. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आणली, त्यामुळे हंगामी माणूसही नोंदीत आला. परंतु या नोंदी गिरणीच्या होत्या. कामगाराच्या हाती राहिली ती पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र किंवा पास.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याचे धोरण ठरले तेव्हा पात्रतेचा निकष असा झाला की, अर्जदार १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असावा. जून २०१२ मध्ये म्हाडाने ६,९२५ घरांची सोडत काढली. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिल यांच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे दीड लाख अर्जदारांची पात्रता ठरवण्यासाठी कागदपत्रे ऑनलाइन व प्रत्यक्ष स्वीकारण्याची विशेष मोहीम सुरू करण्यात आली. तीत ओळखपत्र, तिकीट क्रमांक, सेवा प्रमाणपत्र, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, रजेच्या नोंदवहीची प्रत अशा पुराव्यांची मागणी होती.

म्हणजे एका तारखेच्या नोंदीवर घर अवलंबून होते, आणि ती नोंद बंद पडलेल्या दुसऱ्याच्या कार्यालयात होती. १९३६ च्या वेतन अदायगी अधिनियमात पुढे समाविष्ट झालेल्या कलम १३-अ नुसार वेतनविषयक नोंदवह्या शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षे जपणे मालकावर बंधनकारक होते. हक्क कित्येक वर्षांनी उद्भवला. जपण्याची सक्ती मात्र तीनच वर्षांची होती. ज्या कुटुंबाने ट्रंकेत पगाराची चिठ्ठी जपली, त्याच्याजवळ पुरावा राहिला. ज्याची खोली गळाली, ज्याचे बिऱ्हाड संपानंतर कोकणात किंवा घाटावर परतले, त्याला स्वतःच्याच श्रमाचा पुरावा परक्या कोठारात शोधावा लागला. डिजिलॉकरसारखी व्यवस्थाही येथे उणी पडते. कारण तिला दस्तऐवज देणारी संस्था जिवंत असावी लागते.

या उदाहरणावरून असे दिसते की, प्रवेशाधिकाराची सुरक्षितता केवळ 'नको तो माणूस आत येऊ नये' या कसोटीवर मोजता येत नाही. 'ज्याचा हक्क आहे तो बाहेर राहू नये' ही तिची दुसरी कसोटी आहे. गोदाम आणि बँक यांच्या इतिहासात पहिल्या कसोटीवर भर होता, कारण दुसऱ्या कसोटीसाठी झगडण्याची ताकद व्यापाऱ्याजवळ आणि ठेवीदाराजवळ होती. कामगाराजवळ ती नव्हती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, क्लाउडमधील खात्यांदरम्यानचा प्रवेशाधिकार ही निक्षेप, हुंडी आणि लॉकर यांच्याच परंपरेतील पुढची पायरी आहे. दुसरा, संरक्षणाचा भार उत्तरोत्तर कुलपाकडून नोंदीकडे सरकला आहे. त्यामुळे नोंद कोणाच्या नावे उमटते हा कळीचा प्रश्न बनला आहे. तिसरा, ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग कोठार उभारतानाच ठरवावा लागतो. तो मागाहून सापडत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने व्यक्तीला आपल्या माहितीविषयी विचारणा करण्याचा आणि मृत्यूनंतरसाठी नामनिर्देशन करण्याचा अधिकार मान्य केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. तथापि जी नोंद जपलीच गेली नाही, तिच्याविषयी कोणताही कायदा हतबल ठरतो.

महाविद्यालयांना हा विषय दूरचा नाही. प्रवेशाच्या याद्या, गुणपत्रके, मूल्यांकनाचे अहवाल आणि विभागांचे दप्तर आज क्लाउडवर साठत आहे. अनेकदा ते एखाद्या उत्साही सहकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यात असते आणि पासवर्ड तोंडी फिरत असतो. तो सहकारी निवृत्त झाला की दप्तराची अवस्था बंद गिरणीच्या कार्यालयासारखी होते. खाते संस्थेच्या नावे असणे, प्रत्येकाला कामापुरताच व मुदतबंद अधिकार देणे, उघड-झाकीची नोंद ठेवणे आणि किल्ली धरणाऱ्याचा उत्तराधिकारी आधीच नेमणे, एवढे तरी प्रत्येक संस्थेने केले पाहिजे. याखेरीज, तीस वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी आपण येथे शिकलो याचा पुरावा मागायला आला, तर त्याला कोणत्या दारातून आत घ्यायचे, हे आजच लिहून ठेवायला हवे. गिरणी कामगाराला ते दार सापडले नाही. आपल्या विद्यार्थ्यांवर ती वेळ येऊ नये, ही जबाबदारी दप्तर सांभाळणाऱ्यांची आहे.